निवृत्तीनंतरचा पत्ता

केंद्र शासनाच्या सेवेतून निवृत्त होताना निवृत्तिवेतनासाठी जो अर्ज भरावा लागतो, त्यात 'निवृत्तीनंतरचा पत्ता' असा एक रकाना असतो. अर्ज आता संगणकावर भरला जातो, पण रकाना तोच आहे. जन्मतारीख, बँक खाते, कुटुंबातील सदस्यांची नावे हे सारे बहुतेक जण एका बैठकीत भरून टाकतात. या एका रकान्यापाशी मात्र अनेकांचा हात थांबतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माझ्या एका मराठी सहकाऱ्यांनी तो तीन आठवडे कोरा ठेवला होता. प्रशासन शाखेकडून दोनदा स्मरण दिले गेले, तेव्हा त्यांनी मुलाचा बंगळुरूचा पत्ता लिहिला आणि मला म्हणाले, "हा पत्रव्यवहारापुरता. राहायचे कोठे, ते अजून ठरायचे आहे."

मला स्वतःला हा अर्ज तीन वर्षांनी भरायचा आहे. महाराष्ट्राबाहेर तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या अनेकांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

वृद्धापकाळातील जीवनशैली आणि आरोग्य हा विषय निघाला की चर्चा आहार, व्यायाम, झोप, तंबाखू आणि रक्तदाब यांवर येते. ते योग्यच आहे. परंतु माझ्या मते जीवनशैलीविषयीचा सर्वांत मोठा निर्णय ताटात काय वाढायचे हा नसून, साठीनंतर कोठे आणि कोणामध्ये राहायचे हा आहे. चालणे, जेवणाच्या वेळा, सोबत, औषधोपचार यांतील बऱ्याच गोष्टी त्या एका निर्णयातून आपोआप ठरतात. आणि नेमका हाच निर्णय आपण सर्वांत कमी विचार करून घेतो, किंवा आपल्या वतीने दुसरेच कोणी घेऊन टाकते.

प्रथम या कालखंडाची लांबी लक्षात घेऊ. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ मध्ये ५८ वरून ६०. आज साठ वर्षे पूर्ण करणारी भारतीय व्यक्ती सरासरी आणखी सुमारे अठरा वर्षे जगते. म्हणजे तीस-पस्तीस वर्षे सेवा केलेल्या माणसापुढे सेवेच्या निम्म्याहून अधिक काळ शिल्लक असतो. शासनाने हे हिशेबात धरले आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ ला ३० टक्के अशी वाढ होत शंभराव्या वर्षी ते दुप्पट होते. अठरा वर्षांच्या एखाद्या प्रकल्पासाठी आपण शासनात किती टिपणे लिहितो, किती बैठका घेतो! स्वतःच्या अठरा वर्षांसाठी मात्र एका रकान्यातील दोन ओळी पुरेशा मानतो.

ही वर्षे निरोगी असतीलच असे नाही. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील सुमारे ७२,००० व्यक्तींची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढील ७५ टक्के लोकांना एक ना एक दीर्घकालीन आजार होता, ४० टक्के लोकांना कोणते ना कोणते अपंगत्व होते आणि २० टक्के लोकांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी होत्या.

हे आकडे पाहून "लोकांनी चांगल्या सवयी लावून घ्याव्यात" असा उपदेश करण्याचा मोह होतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. निवड नेहमी उपलब्ध पर्यायांतूनच होते. एखादा मनुष्य चालत नाही यावरून त्याला चालणे आवडत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. कदाचित त्याच्या दारासमोर पदपथच नसेल. त्यामुळे व्यक्तीने काय निवडले हे विचारण्यापूर्वी तिच्यापुढे पर्याय कोणते होते हे विचारले पाहिजे. आणि पर्याय निर्माण करणे हे बऱ्याच अंशी प्रशासनाचे काम आहे.

या संदर्भात एक अभ्यास प्रत्येक सरकारी नोकराने माहीत करून घ्यावा असा आहे, कारण तो सरकारी नोकरांवरच झालेला आहे. लंडनमधील व्हाइटहॉल हा ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांचा भाग. तेथील सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा आरोग्यविषयक अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला आणि पुढे मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नावारूपाला आणला. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट आढळले. यांतील कोणीही उपाशी नव्हते. सर्वांना नियमित पगार होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावर या फरकाचा निम्म्याहूनही कमी भाग समजावता आला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे पुढे आले की, आपल्या कामावर आणि दिवसावर माणसाचे स्वतःचे किती नियंत्रण आहे याचाही आरोग्याशी संबंध असतो. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यात हेही दिसले की, श्रेणीनुसार असलेला फरक निवृत्तीनंतर काहीसा कमी झाला, तरी नाहीसा झाला नाही.

याचे प्रत्यंतर मला घरापासून फार दूर शोधावे लागले नाही. आमच्या कार्यालयातील एक वाहनचालक काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून दिल्लीच्या सीमेवरील एका अनधिकृत वसाहतीत दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालण्यास सांगितले आणि मलाही तेच सांगितले. मी सरकारी वसाहतीतील झाडांखालच्या रस्त्यावरून चालतो. त्यांच्या गल्लीत उघडी गटारे, मोटारसायकली आणि मोकाट कुत्री असल्यामुळे ते घराच्या गच्चीवर फेऱ्या मारतात. गच्ची तेरा पावले लांब आहे, हे त्यांनी मला मोजून सांगितले. सल्ला एकच, पण त्याची अंमलबजावणी करण्यासाठी त्यांना लागणारा निश्चय माझ्या कितीतरी पट आहे. उद्या त्यांनी चालणे सोडले, तर त्यांच्या केसपेपरवर 'रुग्ण सल्ला पाळत नाही' असेच लिहिले जाईल.

ज्यांना पर्याय उपलब्ध आहेत असे आपण मध्यमवर्गीय तरी निवड नीट करतो का? परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात साधारणपणे तीन पर्याय असतात: गावी परत जाणे, आहे त्या शहरात राहणे, किंवा मुलांकडे जाणे. तिन्हींमध्ये गुण आहेत आणि तिन्हींमध्ये फसगतही आहे.

गावी परत जाण्याचे स्वप्न सर्वांत गोड. माझे एक वरिष्ठ अधिकारी निवृत्तीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या मूळ गावी गेले. घर, विहीर, पन्नास आंब्याची कलमे. पहिली तीन वर्षे उत्तम गेली. वजन उतरले, रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. पुढे वहिनींचे गुडघे दुखू लागले. घर डांबरी रस्त्यापासून ऐंशी पायऱ्या खाली, एस. टी. दिवसातून दोनदा, आणि वाडीतील बहुतेक घरे मे महिना व गणपती सोडल्यास कुलूपबंद. आपल्या मनातले गाव हे आपण सोडले त्या वर्षीचे असते. त्यातील माणसेही आपल्यासारखीच गाव सोडून गेलेली असतात, हे आपण विसरतो. एका पावसाळ्यात रात्री छातीत कळ आली आणि गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. सुदैवाने ते पित्त निघाले. त्यानंतर दोघांनी चिपळूणमध्ये तळमजल्यावर भाड्याने घर घेतले. आता दवाखाना, बाजार आणि वाचनालय पायी अंतरावर आहे आणि आठवड्यातून एकदा बागेत चक्कर होते. गाव आणि महानगर यांच्या मधला हा तालुक्याच्या ठिकाणाचा पर्याय आपल्या यादीत सहसा नसतोच. तो असावा असे मला वाटते.

दिल्लीत राहणे सोयीचे, कारण ओळखीपाळखी येथे आहेत आणि सीजीएचएसचा दवाखाना जवळ आहे. परंतु येथील हिवाळा फुप्फुसांना सोसावा लागतो. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांचे आपले राष्ट्रीय मानक वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते ५ असावे असे सुचवले. दिल्लीची सरासरी अलीकडच्या वर्षांत शंभराच्या आसपास राहिली आहे. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा कोंडून राहते. नेमक्या त्याच वेळी आमचे ज्येष्ठ नागरिक मफलर गुंडाळून शिस्तीने फिरायला निघतात. साऱ्या जन्माची चांगली सवय येथे अपायकारक ठरू शकते. फिरणे सोडू नये, ऊन वर आल्यानंतर फिरावे, आणि ज्यांना दम्याचा विकार आहे त्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने दुसरीकडे काढता येतील का, हे पाहावे.

तिसरा पर्याय मुलांकडे जाण्याचा. याविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे.

वडील गेल्यानंतर मी आईला साताऱ्याहून दिल्लीला आणले. तिचे वय तेव्हा ७४ होते. मुलगा म्हणून मला हा निर्णय इतका स्वाभाविक वाटला की, तिला विचारावे असे मनात आलेच नाही. मी पंधरा दिवसांत सर्व व्यवस्था केली: गॅसची जोडणी बंद, बँकेचे खाते वर्ग, सीजीएचएसच्या कार्डावर तिचे नाव. एखादी बदली पार पाडावी तशी. येथे तिला काहीही कमी नव्हते. स्वयंपाकाला बाई होती, तपासण्या वेळेवर होत होत्या. तरीही दोन वर्षांत तिची साखर वाढली, चालणे खोलीपुरते उरले आणि ती दिवसातून अनेकदा झोपू लागली. डॉक्टरांनी औषधे बदलून पाहिली. साताऱ्यात ती रोज सकाळी देवळात, तेथून भाजीला, तेथून मैत्रिणीकडे जाई. ते दोन-अडीच किलोमीटर होत असे, पण त्याला व्यायाम असे नाव कोणी दिले नव्हते. भाजीवाल्याशी घासाघीस करणे हेही तिचे काम होते. हिंदीत तिला ते जमत नव्हते. एकदा ती मला म्हणाली, "इथं माझं सगळं नीट करता रे तुम्ही, पण मला करायला काही ठेवलं नाहीत."

तिसऱ्या वर्षी ती स्वतःच्या आग्रहाने परत गेली आणि धाकट्या मावशीबरोबर राहू लागली. सहा महिन्यांत साखर बरीच आटोक्यात आली. परंतु ही गोष्ट येथेच संपवली तर ती अर्धसत्य होईल. ८१ व्या वर्षी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. मी पोहोचलो तेव्हा अठरा तास उलटून गेले होते. आज ती वॉकर घेऊन चालते. मी न्हाणीघरात दांडी बसवायला हवी होती. तिला दिल्लीत ठेवायला हवे होते का, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. तिने मात्र ते कधीच दिलेले आहे. "पडले ते माझ्या घरात पडले," असे ती म्हणते.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी केलेला प्रयोग मला याच काळात वाचायला मिळाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, तुमच्या खोलीची मांडणी, वेळेचा विनियोग हे तुम्ही ठरवायचे; त्यांना एक रोपटे निवडायला दिले आणि त्याची निगा त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटे दिले, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही आणि सावध आढळला. प्रयोग लहान होता, एकाच संस्थेतला होता, आणि त्यावरून मोठी विधाने करू नयेत. तसेच जे मुळात धडधाकट असतात तेच सक्रिय जीवन निवडतात, अशीही शक्यता अशा विषयात नेहमी असते. परंतु माझ्या आईच्या बाबतीत पाणी घालणारी परिचारिका मीच होतो, एवढे मला त्यातून कळले.

आता थोडे प्रशासनाविषयी. शासन या निवडीबाबत तटस्थ नाही. त्याचे नियम माणसाला नकळत एका दिशेला ढकलत असतात. सीजीएचएस ठराविक शहरांतच आहे. त्याबाहेर राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला बाह्यरुग्ण उपचारांसाठी वैद्यकीय भत्ता घेता येतो, जो जुलै २०१७ पासून दरमहा १००० रुपये झाला. मधुमेह आणि रक्तदाब या दोन आजारांची औषधे व तपासण्या त्यात भागणे कठीण. त्यामुळे लहान गावात राहू इच्छिणारा मनुष्य महानगराच्या उपनगरात अडकून पडतो. ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांच्याविषयी तर काय बोलावे? राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात. जीवनशैलीची 'निवड' हा शब्द त्या रकमेशेजारी लिहिताना संकोच वाटतो.

माझ्या सूचना अगदी साध्या आहेत.

१) निवृत्तिपूर्व मार्गदर्शनाच्या कार्यशाळा केंद्र शासन घेते आणि त्या उपयुक्त असतात. परंतु त्यांचा भर अर्ज, थकबाकी आणि गुंतवणूक यांवर असतो. कोठे राहायचे आणि दिवस कसा घालवायचा यासाठी एक सत्र असावे, ते निवृत्तीच्या निदान दोन वर्षे आधी असावे आणि त्याला पती किंवा पत्नीनेही उपस्थित राहावे. निवृत्ती एकाची होते, पत्ता दोघांचा बदलतो.

२) आपण ३०० दिवसांपर्यंतची अर्जित रजा साठवतो आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे रोख पैसे घेतो. त्यातील साठ दिवस खर्च करून, जेथे स्थायिक व्हायचे तेथे एकदा राहून पाहावे. सुट्टीत नव्हे, ऐन जुलैमध्ये किंवा ऐन थंडीत. चुकीच्या जागी घर घेण्याच्या तुलनेत ही किंमत नगण्य आहे. विभागप्रमुखांनीही अशी रजा मागणाऱ्याची अडवणूक करू नये.

३) वैद्यकीय भत्त्याचे प्रमाण ठरवताना गाव निवडणाऱ्याला दंड होणार नाही, हे पाहावे.

४) नगरपालिकांनी ज्येष्ठांसाठी स्वतंत्र उद्यानाच्या फलकाऐवजी सलग पदपथ, दर दोन-तीनशे मीटरवर बसायला बाक आणि स्वच्छ प्रसाधनगृह एवढे तरी द्यावे. अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, केवळ शेवटच्या सोयीअभावी घराबाहेर पडत नाहीत. ही गोष्ट त्या डॉक्टरांनाही सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि ६५ वर्षांपुढे आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद टिकवणारे व्यायाम सुचवते. हे सारे शेवटी चालण्याजोग्या रस्त्यावर अवलंबून आहे.

आणि मुलांना एकच विनंती. आईवडिलांना कोठे ठेवायचे, असा प्रश्न करू नका. 'ठेवायचे' हे क्रियापद सामानाला शोभते. त्यांना कोठे राहायचे आहे हे विचारा, उत्तर गैरसोयीचे असले तरी ऐकून घ्या आणि मग त्या ठिकाणचे धोके कमी करण्याच्या कामाला लागा. न्हाणीघरातील दांडीपासून सुरुवात करा.

माझ्या स्वतःच्या रकान्याविषयी विचाराल, तर तो अजून कोरा आहे. पण येत्या जुलैमध्ये आम्ही दोघे साठ दिवसांची रजा घेऊन साताऱ्यास जाणार आहोत. रजेचा अर्ज दिला आहे. पत्नीचे मत अद्याप पुण्याच्या बाजूने आहे, आणि या वेळी निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, एवढे मी आईकडून शिकलो आहे.